आचारसंहितेच्या आड : जनसंपर्क व्यवसायाची शंभर वर्षे

१/ जनसंवादाच्या पाठ्यपुस्तकांत १९०६ हे वर्ष हमखास भेटते. आयव्ही ली या अमेरिकी माजी पत्रकाराने त्या वर्षी वृत्तपत्रांच्या संपादकांकडे ‘तत्त्वांची घोषणा’ पाठवली. आमचे कार्यालय गुप्त नाही, आमचे सर्व काम उघड्यावर चालते, आम्ही देतो ती माहिती अचूक असते आणि कोणाला ती पडताळून पाहावयाची असल्यास आम्ही आनंदाने साहाय्य करू, असा तिचा आशय होता. जनसंपर्काच्या नीतिमत्तेचा जन्म येथे झाला, असे विद्यार्थी पाठ करतात आणि परीक्षेत त्याचे गुणही मिळवतात.

२/ ही घोषणा पाठवली तेव्हा ली यांचे अशील होते अँथ्रासाइट कोळशाच्या खाणींचे मालक. कामगारांशी तंटा पेटलेला होता आणि वृत्तपत्रांत मालकांची पत उतरलेली होती. म्हणजे नीतीची ही पहिली सनद एका अशिलाच्या गरजेपोटी निघालेले प्रसिद्धिपत्रक होती. तेवढ्याने ती खोटी ठरत नाही. परंतु कोणतेही साधन वाचताना ते कोणी, केव्हा आणि कोणाच्या पैशाने लिहिले हे विचारणे हा इतिहासाच्या विद्यार्थ्याचा पहिला धर्म आहे. या एका साधनाबाबत तो प्रश्न सहसा विचारला जात नाही.

३/ आता आठ वर्षे पुढे. कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांनी कुटुंबांसह तंबूंची वसाहत उभारली होती. २० एप्रिल १९१४ रोजी राज्याच्या नॅशनल गार्डने आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी तिच्यावर गोळीबार केला, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुले आणि २ स्त्रिया गुदमरून मेल्या. त्या भागातील सर्वांत मोठी खाणकंपनी रॉकफेलर कुटुंबाच्या ताब्यात होती. धाकट्या जॉन डी. रॉकफेलर यांनी जनमत सावरण्यासाठी ज्यांना नेमले ते आयव्ही लीच.

४/ मग देशभरच्या वजनदार मंडळींच्या टपालात पत्रके येऊ लागली. कोलोरॅडोतील ‘औद्योगिक स्वातंत्र्याच्या लढ्याची वस्तुस्थिती’ सांगणारी ही पत्रके तेथील खाणचालकांच्या नावाने निघत. लिहिणाऱ्या लींचे नाव त्यांवर कोठेही नव्हते. त्यांतल्या एका पत्रकात संघटनेच्या नेत्यांचे वर्षभराचे मानधन अवघ्या नऊ आठवड्यांची कमाई म्हणून दाखवलेले होते. कामगारांच्या पैशावर पुढारी कसे चैन करतात, हे वाचकाच्या मनावर ठसवणे हा हेतू.

५/ उघड्यावर चालणारे काम आणि अचूक माहिती, ही १९०६ ची दोन्ही वचने येथे एकाच पत्रकात मोडली. ही गोष्ट जगाला कळली कशी? औद्योगिक संबंधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या संघराज्य आयोगाने लींना साक्षीला बोलावले म्हणून. फ्रँक वॉल्श हे त्या आयोगाचे अध्यक्ष. पत्रकांतील आकडे खाणमालकांनी पुरवले होते आणि आपण ते स्वतंत्रपणे तपासले नव्हते, हे लींना तेथे मान्य करावे लागले. अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना ‘पॉयझन आयव्ही’ हे नाव ठेवले ते त्याच काळात.

६/ ‘करावे लागले’ हे क्रियापद लक्षात ठेवावे. शंभर वर्षांच्या या कहाणीत जनसंपर्क व्यवसायाची जी जी लबाडी इतिहासाला ठाऊक झाली, ती समन्स, खटला, फुटलेली कागदपत्रे किंवा कायद्याने भरणे भाग असलेला तक्ता यांच्यामुळे झाली. व्यवसायाच्या नीतिसमितीच्या दप्तरातून बाहेर आलेले मोठे प्रकरण शोधू पाहणाऱ्याला फार भटकावे लागेल. आणि तरीही प्रत्येक घोटाळ्यानंतर एकच औषध सुचवले जाते : आचारसंहिता अधिक कडक करा, अधिस्वीकृतीची परीक्षा घ्या, चांगल्या संस्थांना प्रमाणपत्र द्या.

७/ औषध जुने आहे. १९४७ मध्ये अमेरिकेत ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ अमेरिका’ स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिने व्यावसायिक मानकांची पहिली संहिता स्वीकारली. ब्रिटनमधील संस्था १९४८ ची. आंतरराष्ट्रीय संघटना १९५५ मध्ये लंडनला उभी राहिली. तिने १९६१ मध्ये व्हेनिसची आणि १९६५ मध्ये अथेन्सची संहिता मंजूर केली. ल्यूसियाँ मात्रा या फ्रेंच गृहस्थांनी लिहिलेल्या अथेन्सच्या संहितेला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा आधार आहे. अमेरिकी संस्थेची अधिस्वीकृतीची परीक्षा १९६४ पासून सुरू झाली. परीक्षा ऐच्छिक. न दिल्यास व्यवसाय करण्यात कसलीही अडचण नाही.

८/ या संहितांची भाषा उदात्त आहे आणि त्या लिहिणाऱ्यांत प्रामाणिक माणसे होती, यात शंका नाही. मात्र त्या काळात व्यवहारात काय चालले होते हे पाहण्यासाठी संहिता बाजूला ठेवून हिशेबाच्या वह्या उघडाव्या लागतात.

९/ डिसेंबर १९५३. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे संशोधन वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर येऊ लागले होते. न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात तंबाखू कंपन्यांचे प्रमुख एकत्र आले आणि त्यांनी त्या काळातील अग्रगण्य जनसंपर्क कंपनी ‘हिल अँड नोल्टन’ला पाचारण केले. ४ जानेवारी १९५४ रोजी ४०० हून अधिक वृत्तपत्रांत ‘सिगारेट ओढणाऱ्यांना प्रांजळ निवेदन’ या अर्थाच्या मथळ्याची पूर्ण पानाची जाहिरात झळकली. लोकांचे आरोग्य आम्हाला इतर सर्व गोष्टींहून महत्त्वाचे वाटते, शास्त्रज्ञांत मतभेद आहेत, आम्ही स्वतः संशोधनाला पैसा देऊ, असा तिचा गोषवारा.

१०/ मग ‘तंबाखू उद्योग संशोधन समिती’ स्थापन झाली. तिचे कार्यालय एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये होते आणि हिल अँड नोल्टनचेही तेथेच. समिती संशोधन करीत होती हे खरे. पण तिने निर्माण केलेला सर्वांत टिकाऊ माल म्हणजे संशय. ‘अजून सिद्ध झालेले नाही’ या एका वाक्यावर उद्योगाने पुढली चाळीस वर्षे काढली आणि त्या वर्षांत किती माणसे खोकत खोकत गेली याचा हिशेब कोणत्याही प्रसिद्धिपत्रकात आला नाही.

११/ येथे कालक्रम पाहावा. जाहिरात १९५४ ची, अमेरिकी संस्थेची संहिता १९५० ची. सत्य, अचूकता आणि लोकहित हे शब्द संहितेत चार वर्षे आधीच छापलेले होते. ते शब्द त्या जाहिरातीच्या वाटेत आडवे आले नाहीत. उलट, जाहिरातीने तीच भाषा उचलली. ‘प्रांजळ’ हा शब्द मथळ्यात यावा, याहून अधिक काय सांगावे!

१२/ ही कहाणी आज इतक्या बारकाव्यांसह सांगता येते ती अमेरिकी राज्यांनी तंबाखू कंपन्यांवर खटले भरले म्हणून. १९९८ च्या तडजोडीने कंपन्यांना आपली अंतर्गत कागदपत्रे खुली करावी लागली. आज सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ती कोट्यवधी पाने महाजालावर ठेवलेली आहेत. कोणीही वाचावीत. २००६ मध्ये न्यायमूर्ती ग्लॅडिस केसलर यांनी दीड हजारांहून अधिक पानांच्या निकालपत्रात सिगारेट कंपन्यांनी जनतेची दीर्घकाळ फसवणूक केल्याचे नमूद केले. ज्या कायद्याखाली हा निकाल लागला तो संघटित गुन्हेगारीविरुद्धचा होता.

१३/ दुसरे प्रकरण अधिक बोलके आहे, कारण त्यात दप्तरे एकमेकांच्या शेजारी ठेवून पाहता येतात. १० ऑक्टोबर १९९०. इराकने कुवेत गिळंकृत करून दोन महिने झालेले. वॉशिंग्टनमध्ये लोकप्रतिनिधींच्या मानवी हक्क मंचासमोर ‘नायिरा’ एवढेच नाव सांगितलेल्या १५ वर्षांच्या मुलीने साश्रू नयनांनी सांगितले की इराकी सैनिकांनी रुग्णालयात शिरून इन्क्युबेटरमधील अर्भके काढून थंड फरशीवर मरायला टाकली. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने डिसेंबरच्या अहवालात तिला स्थान दिले. जानेवारीत सेनेटने ५२ विरुद्ध ४७ मतांनी युद्धाला संमती दिली.

१४/ ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. तिची साक्ष घडवून आणण्यामागे हिल अँड नोल्टन होती आणि कंपनीचे अशील होते ‘सिटिझन्स फॉर अ फ्री कुवेत’ नावाचे मंडळ. १९९२ च्या जानेवारीत पत्रकार जॉन मॅकआर्थर यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये ती कोण हे उघड केले, तोवर युद्ध संपून जवळजवळ वर्ष झाले होते. अर्भकांच्या कथेला पुरावा मिळेना म्हणून ॲम्नेस्टीने त्याआधीच, एप्रिल १९९१ मध्ये, आपले विधान मागे घेतले होते. कंपनीचे म्हणणे असे की मुलीच्या सांगण्यावर आमचा विश्वास होता. असेलही. प्रश्न तिचे आडनाव दडवण्याचा आहे. राजदूताची कन्या बोलते आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत असते तर त्यांनी तीच साक्ष वेगळ्या कानांनी ऐकली असती.

१५/ आता दप्तरे. १९३८ पासून अमेरिकेत ‘परकीय हस्तक नोंदणी कायदा’ आहे. परदेशी सरकारसाठी अमेरिकी जनमतावर प्रभाव टाकणाऱ्याने न्याय खात्याकडे करार, रक्कम आणि काम यांची नोंद केलीच पाहिजे. त्या नोंदींतून दिसले की ‘नागरिकांच्या’ या मंडळाला मिळालेला सुमारे सव्वा कोटी डॉलरचा निधी जवळजवळ सगळा कुवेत सरकारचा होता. सामान्य देणगीदारांकडून आलेली रक्कम वीस हजार डॉलरही भरत नव्हती. त्यातले एक कोटीहून अधिक डॉलर जनसंपर्क कंपनीकडे गेले.

१६/ एकीकडे व्यवसायाची संहिता. अमेरिकी संस्थेचे सदस्यत्व व्यक्तीला मिळते, कंपनीला नाही. त्यामुळे कंपनी म्हणून हिल अँड नोल्टनला जाब विचारण्याची सोयच त्या संहितेत नव्हती. दुसरीकडे सरकारी कचेरीतला रूक्ष तक्ता. तो भरणारा माणूस सज्जन की दुर्जन, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. त्याने फक्त पैसे कोणाचे हे विचारले, आणि इतिहासकाराच्या उपयोगी तोच पडला.

१७/ हा कायदा कोठून आला तेही पाहण्यासारखे आहे. १९३४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या मॅककॉरमॅक–डिकस्टाइन समितीसमोर एका जनसंपर्क तज्ज्ञाला साक्ष द्यावी लागली. जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीकडून तो वर्षाला २५,००० डॉलर घेत होता आणि नाझी राजवटीची अमेरिकेतील प्रतिमा कशी सुधारावी याचे सल्ले देत होता. हिटलरची भेटही घेऊन आला होता. त्याचे नाव आयव्ही ली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो वारला. समितीच्या शिफारशींतून चार वर्षांनी नोंदणीचा कायदा झाला. १९०६ च्या घोषणेच्या लेखकाने व्यवसायाच्या प्रामाणिकपणाला सर्वांत मोठे योगदान दिले ते अशा रीतीने, आरोपीच्या खुर्चीत बसून.

१८/ संहितांचे समर्थक येथे बेल पॉटिंजरचे उदाहरण पुढे करतात, आणि ते टाळण्यासारखे नाही. मार्गारेट थॅचर यांचे सल्लागार टिम बेल यांची ही लंडनची कंपनी. २०१६ च्या जानेवारीपासून ती दक्षिण आफ्रिकेतील गुप्ता बंधूंच्या ओकबे कंपनीचे काम महिना एक लाख पौंडांवर करू लागली. हे गुप्ता मूळचे उत्तर प्रदेशातील सहारनपूरचे, राष्ट्राध्यक्ष झुमा यांच्या निकटचे. त्यांच्यावर होणाऱ्या आरोपांचे लक्ष वळावे म्हणून ‘गोऱ्यांची मक्तेदारी भांडवलशाही’ हा प्रचार पेटवण्यात आला. वर्णद्वेषाच्या जखमा अजून ओल्या असलेल्या देशात, पैसे घेऊन. विषमता तेथे खरी होती, म्हणून तर तो प्रचार चालला.

१९/ सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिटनमधील जनसंपर्क सल्लागार कंपन्यांच्या संघटनेने बेल पॉटिंजरला किमान पाच वर्षांसाठी बडतर्फ केले. आठवडाभरात कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती गेली. पाहा, संहितेने कंपनी बुडवली, असे सांगितले जाते.

२०/ संहितेने काय काय केले ते क्रमाने मांडू. आधी गुप्तांच्या ईमेलचा प्रचंड साठा फुटला. दक्षिण आफ्रिकेतील पत्रकारांनी तो महिनोन्‌महिने उपसला. रस्त्यांवर आणि समाजमाध्यमांवर संताप उसळला. कंपनीने स्वतः माफी मागितली. तक्रार केली ती तेथील डेमोक्रॅटिक अलायन्स या विरोधी पक्षाने. अशील एकामागून एक निघून जाऊ लागले. मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. आणि मग बडतर्फी जाहीर झाली. दार मोडून चोर पकडला गेल्यावर शेवटी आलेल्या चौकीदाराने कुलूप लावावे, तसे हे झाले. याच कंपनीच्या वरिष्ठांना २०११ मध्ये उझबेक सरकारचे प्रतिनिधी असल्याचे सोंग घेतलेल्या पत्रकारांनी बोलते केले होते. राजवटींच्या प्रतिमा उजळण्याच्या आणि सत्तेच्या दालनांतील ओळखींच्या त्यांच्या फुशारक्या वृत्तपत्रांत छापूनही आल्या होत्या. त्यानंतर सहा वर्षे कंपनी उजळ माथ्याने व्यवसाय करीत राहिली.

२१/ शिवाय बडतर्फीचा कायदेशीर अर्थ काय? संघटनेच्या बाहेर राहूनही जनसंपर्काचा धंदा करता येतो. वकिलाची सनद गेली की तो न्यायालयात उभा राहू शकत नाही. येथे सनदच नाही, तर जाणार काय? अमेरिकी संस्थेचा एक जुना प्रसंग या संदर्भात आठवावा. १९८६ मध्ये तिच्या विद्यमान अध्यक्षांवरच शेअर बाजार नियामकाने आतल्या माहितीवर व्यवहार केल्याचा आरोप ठेवला. आरोप मान्य वा अमान्य न करता त्यांनी तो मिटवला, अध्यक्षपद सोडले आणि नीतिमंडळासमोर सुनावणी होण्यापूर्वी सदस्यत्वाचाही राजीनामा दिला. सदस्यच उरला नाही म्हणून चौकशीही उरली नाही! २००० मध्ये या संस्थेने नवी संहिता केली तेव्हा अंमलबजावणीवरचा भर काढून टाकत असल्याचे तिने स्वतःच नमूद केले. प्रामाणिकपणाचा हा एक प्रकारच म्हणावा.

२२/ मुळात दोष माणसांत कमी आणि रचनेत अधिक आहे. जनसंपर्काचे धुरीण आपली तुलना वकिलाशी करतात. लोकमताच्या न्यायालयात अशिलाची बाजू मांडणे हे आमचे काम, असे ली आणि बर्नेज दोघेही मानत. उपमा डौलदार आहे, पण अर्धी आहे. खऱ्या न्यायालयात वकील कोणाचा हे वकालतनाम्यावर लिहिलेले असते, समोर प्रतिपक्षाचा वकील असतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते. लोकमताच्या न्यायालयात वकील साक्षीदाराचा वेश घेऊन येतो आणि प्रतिपक्षाला कधी कधी खटला चालू असल्याचाही पत्ता नसतो. संहिता एका कलमात सत्याचा आग्रह धरते आणि दुसऱ्यात अशिलाचे गुपित राखायला सांगते. दोन्हींचा झगडा झाला की बिल कोण भरतो यावर निकाल ठरतो.

२३/ बर्नेज यांचे उदाहरण तर विलक्षणच. फ्रॉइड यांचा हा भाचा. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या रस्त्यावर तरुणींनी सिगारेटी पेटवून ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ मिरवल्या, तेव्हा त्यामागे अमेरिकन टोबॅको कंपनीचा पैसा असल्याचे बघ्यांना ठाऊक नव्हते. निमंत्रणाच्या तारांखाली नाव बर्नेज यांच्या सचिव महिलेचे होते. (या प्रसंगाची बरीच ख्याती बर्नेज यांच्याच पुढील कथनांतून वाढली, हेही विसरू नये. जाहिरातदाराने स्वतःची जाहिरात केली तर नवल ते काय?) आपले पुस्तक गोबेल्सच्या कपाटात असल्याचे १९३३ मध्ये कळल्यावर धक्का बसल्याचे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले. आणि १९९५ मध्ये १०३ व्या वर्षी मृत्यू येईपर्यंत ते एका मागणीवर ठाम राहिले : डॉक्टर-वकिलांप्रमाणे जनसंपर्क व्यावसायिकांनाही सरकारी परवाना सक्तीचा करा. अमेरिकेतील एकाही राज्याने तसे केले नाही.

२४/ ऐच्छिक संहिता निरुपयोगी, तर सक्तीचा परवाना आणावा, हा मार्ग सरळ वाटतो. दोन देशांनी तो चोखाळला आहे आणि कोणत्या काळात, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ब्राझीलने ११ डिसेंबर १९६७ च्या कायद्याने जनसंपर्क हा नोंदणीकृत व्यवसाय केला. तेव्हा तेथे लष्करी हुकूमशाही होती आणि दुसऱ्याच महिन्यात त्या राजवटीने स्वतःचा खास जनसंपर्क विभाग उघडला. नायजेरियाचा कायदा १९९० चा, तोही लष्करी सरकारचा हुकूम. कोणी बोलावे आणि कोणी बोलू नये याची यादी आपल्याजवळ असावी असे ज्यांना वाटते, त्यांना परवान्याची कल्पना आवडतेच. १९१० च्या प्रेस ॲक्टने देशी छापखान्यांकडून अनामत रकमा मागितल्या, तेव्हाही जबाबदार पत्रकारितेचे कारण दिले गेले होते.

२५/ तेव्हा माणसाला परवाना देऊ नये, व्यवहाराची नोंद करावी. दुसऱ्याची बाजू मांडण्याचा हक्क कोणालाही असावा. पैसे घेऊन मांडली असेल तर ते कोणाचे, किती आणि कशासाठी, हे मात्र दप्तरी असावे. हा उपाय निर्दोष नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९६६ ते २०१५ या अर्धशतकात नोंदणी कायद्याखाली अवघे सात फौजदारी खटले भरले. ब्रिटनने २०१४ मध्ये कायदा करून लॉबिंगची नोंदवही सुरू केली, पण ती सल्लागार म्हणून काम करणाऱ्यांपुरतीच. कंपन्यांचे पगारी लॉबिस्ट तिच्या बाहेर. तरीही, ढिसाळ नोंदणीने नायिराच्या मंडळाचा धनी दाखवला. सुरेख संहितेने दाखवला नाही.

२६/ भारतात? ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया’ची नोंदणी १९६६ ची, मुंबईतली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीच्या पहिल्या अखिल भारतीय परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली आणि तो दिवस आजही राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून साजरा होतो. कंपन्यांची संघटना २००१ पासून आहे. मात्र लॉबिंगची वा जनसंपर्क करारांची सार्वजनिक नोंद ठेवण्याचा कायदा नाही. २०१० मध्ये गाजलेल्या राडिया ध्वनिफिती आयकर खात्याने दूरध्वनी ऐकले म्हणून अस्तित्वात आल्या. त्यांत गुन्हेगारी कृत्य आढळले नाही, असे सीबीआयने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगितले. ते मान्य केले तरी उद्योग, मंत्रिपदे आणि वार्तांकन यांच्याविषयीची ती संभाषणे नागरिकांना योगायोगानेच ऐकायला मिळाली.

२७/ इतिहास, पत्रकारिता, राज्यशास्त्र शिकलेली शेकडो मुले दरवर्षी याच व्यवसायात नोकरीला लागतात. चुकीचे काम नाकारण्यासाठी नवख्या कर्मचाऱ्याला संहितेचा आधार मिळतो, असा एक युक्तिवाद आहे. तो मनापासून केला जातो. पण भिंतीवर चौकटीत लावलेली संहिता दाखवून वरिष्ठाला ‘नाही’ म्हणणाऱ्याची नोकरी ती चौकट वाचवत नाही. त्याला हवे आहे ते कायद्याचे संरक्षण. आणि अशिलाचे नाव नोंदवहीत जाणारच आहे हे वरिष्ठालाही आधीच ठाऊक असले, तर पुष्कळदा ‘नाही’ म्हणण्याची वेळच येणार नाही.

२८/ महाराष्ट्रातले एक प्रकरण सांगून थांबू. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांची प्रतिस्पर्धी असलेल्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखे स्तुतिलेख बातमी म्हणून छापून आले. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये ते शेजारी शेजारी ठेवून दाखवले. वृत्तपत्रसृष्टीची नीती सांभाळणाऱ्या प्रेस कौन्सिलने पेड न्यूजवर दोन सदस्यांची उपसमिती नेमली. तिने ७१ पानांचा अहवाल दिला, वृत्तपत्रांच्या नावांसह. २०१० मध्ये कौन्सिलने तो बाजूला ठेवून नावे वगळलेला छोटा अहवाल स्वीकारला. मूळ ७१ पाने लोकांसमोर आली ती २०११ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिल्यानंतर.